फळ्याची उजवी बाजू

देवराव गुरुजी पंचाहत्तर वर्षांचे झाले. माझे शिक्षण चौथीपर्यंत. पुढचे वाचन सगळे त्यांच्या वाचनालयातले. तरी आमची ओळख संशयातूनच झाली, ते आधी लिहिते.

रेल्वेची मोजणी वडवणीकडे सरकली, तेव्हा ते आमच्या शेतात आले. रेल्वेसाठी त्यांनी अर्धे आयुष्य निवेदने दिलेली. मी विचारले, "गुरुजी, तुमचं रान किती जातंय?"

"माझं जात न्हाई, बाई."

"मग तुमाला रेल्वे गोड लागंलच की."

"हे फळ्यावर लिवा," ते म्हणाले.

वाचनालयाच्या ओट्यावर त्यांनी फळा लावला होता. रेल्वेने काय जाणार ते डावीकडे आधीच लिहायचे. काय आले ते उजवीकडे, पण आल्यावरच. कोणाचे कोणी पुसायचे नाही. मी लिहिले, 'मालकांची समाधी रुळापलीकडे जाते. रोज दिवा लावायला कुठून जाऊ?'

मालकांना, म्हणजे माझ्या यजमानांना, जाऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. गुरुजींनी सांत्वन केले नाही; पुस्तके पाठवली. परत देताना विचारत, "कुठं थांबलात?" मी पहिल्याच पानावर थांबलेली असे. ते तेच पुस्तक पुन्हा हातात देत.

रेल्वेचे साहेब पाहणीला येणार, त्या सकाळी रेल्वेच्या मागणीसाठी झालेल्या समितीतले एकजण म्हणाले, "गुरुजी, डावी बाजू भरली, उजवी कोरी. सायेब काय म्हणतील? ती समाधीची ओळ तरी पुसा."

"पुसायचा नियम न्हाई. आन् सायबांना वाचता येतं."

साहेबांनी वाचले. पुढे रुळाखालून वाट झाली. पहिल्याच पावसाळ्यात तिथे गुडघाभर पाणी साचले. मी तक्रार केली, तसे गुरुजी धोतर खोचून पाण्यातून पलीकडे गेले, समाधीला हात जोडले आणि परत येऊन स्वतःच्या हाताने डावीकडे लिहिले, 'वाट पावसात बंद.' मग चर खोदला गेला. त्या दिवसापासून त्यांच्यावरचा माझा संशय गेला. रेल्वेवरचा आहे.

बीडला गाडी आली. आमच्या रुळावरून अजून धावायची आहे. धावली तरी सकाळी दवाखान्यात गेलेली बाई संध्याकाळी गाडीनेच घरी येते का, हे पाहिल्याशिवाय मी उजवीकडे काही लिहिणार नाही.

म्हणून गुरुजींना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभावे, ही इच्छा मी थोड्या स्वार्थाने करते. फळ्याची उजवी बाजू अजून कोरी आहे, आणि तिथे खोटे लिहू न देणारा दुसरा माणूस मला दिसलेला नाही.