शाब्लीबरोबर अळूवडी

इकडे परदेशात, माउंट रॉस्किलला आमच्या शेजारी मुलीकडे राहायला आलेले काका दारूच्या थेंबालाही शिवत नाहीत. पण शुक्रवारी मी बाटली उघडली की कुंपणापलीकडून हाक येतेच, "आण इकडे, वास घेऊ दे."

परवा शाब्ली होती, फ्रान्सची पांढरी वाइन. काकांनी डोळे मिटून ग्लास हुंगला.

"हिरवं सफरचंद. ओला दगड. सोबत काय खाणार?"

"दुकानदार म्हणाला, ऑयस्टर्स, म्हणजे कालवं."

"त्यानं अळूवडी खाल्लीय का कधी?"

आणि आत जाऊन गरम वड्यांची ताटलीच घेऊन आले. मी एक वडी खाल्ली, वर घोट घेतला आणि लगेच दुसऱ्या वडीला हात घातला.

"काका, एक घोट घ्याच. कसं जमलंय ते कळेल."

"कळलं की! मघापासून तुझ्याच चेहऱ्याकडे बघतोय."