सरकारी भिंतीवरचा आंबा

भिंगारला आम्ही सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. दोन खोल्या, एक खिडकी, आणि खिडकीतून दिसायची ती समोरच्या क्वार्टरची भिंत. वडील लष्कराच्या कचेरीत कारकून होते. सरकारी वस्तूला बोट लावायचं म्हटलं तरी त्यांना घाम फुटायचा. आई राहात्याच्या मळ्यात वाढलेली. डोळ्यांसमोर झाड नसलं की तिला करमायचं नाही, म्हणून ती आतल्या खोलीच्या भिंतीवर झाड काढायची. दर दिवाळीला सरकारी माणसं चुना मारून ते पुसून टाकायची, आणि थंडी सरता सरता आई ते पुन्हा काढायची. वडील भिंतीकडे पाठ करून जेवायचे.

झाड दरवर्षी तेच, माहेरच्या विहिरीवरचा आंबा. खोडाला गेरू आणि काजळी, पानांना घेवड्याच्या पाल्याचा रस, कुंचला म्हणजे चावून मऊ केलेली बाभळीची काडी. दुपारी मी त्या भिंतीशी चटई टाकून पडायचे. कौलातल्या काचेतून कवडसा यायचा आणि फांद्यांवरून हळूहळू सरकत जायचा. अर्धवट झोपेत मला पानं हललेली दिसायची, कुठूनसा कैऱ्यांचा वास यायचा. विहिरीच्या थारोळ्यातल्या पाण्यात पाय सोडून बसल्यासारखं गार वाटायचं. हे आईला सांगितलं की ती म्हणायची, मग, आंबाच आहे तो.

पुढे दुष्काळाचं साल आलं. राहात्याची विहीर आटली आणि तो आंबा उभाच्या उभा वाळला. आबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, तो स्वतःच्या हातानं तोडला आणि त्या दिवसापासून ते बोलेनासे झाले. मामाचं आईला पत्र आलं: आबा जेवतात, झोपतात, पण तोंडातून शब्द काढत नाहीत. काही दिवस तुझ्याकडे धाडतो. दिवाळीचा चुना झाला की आबा यायच्या आत भिंतीवर आंबा उभा करायचा, असं आईनं ठरवलं. तो बघून ते एक शब्द तरी बोलतील, एवढीच तिची आशा होती.

पण त्या वर्षी चुना उशिरा, आबा यायच्या आदल्याच दिवशी मारून झाला. भिंत अजून ओलसर होती. अंगणातला घेवडा तर कधीच वाळून गेला होता आणि पिळावं असं हिरवं पान साऱ्या भिंगारात मिळेना. मी नऊ वर्षांची होते, त्यामुळे मला सगळंच कळत होतं. मीच सुचवलं की हळदीत नीळ घातली की हिरवा रंग होतो. आईनं घाईघाईत ते ऐकलं.

सकाळभर ती स्टुलावर चढून पानं काढत होती. पानं हिरवीगार उतरली, मला केवढा अभिमान वाटला. आणि मग ती बघता बघता तांबडी पडायला लागली. हळदीला चुना लागला की कुंकू होतं. आई वर्षाचं कुंकू घरी तसंच करायची, आणि नेमकं त्याच दिवशी विसरली.

ती स्टुलावरून खाली उतरली. "वाळलेलं झाडच काढलं की गं मी," ती म्हणाली. मला भिंतीत शिरून लपावंसं वाटलं.

पुसायला वेळच नव्हता. वडील आबांना एस.टी. स्टँडवरून घेऊन दारात उभेच होते. आबा आत आले, पाणी प्यायले आणि त्यांची नजर वर गेली. आई पदर सावरत भिंतीपुढे आडवी उभी राहिली. आबांनी तिला हातानंच बाजूला सारलं. जवळ जाऊन एका पानाला अलगद बोट लावलं, मग दुसऱ्या पानाला.

"पालवी हाय ही," आबा म्हणाले. आवाज घोगरा निघाला, खोकून ते पुन्हा म्हणाले, "लई कवळी हाय. कुनी हात लावू नगा."

आंब्याची नवी पानं अशीच तांबूस फुटतात हे मला क्वार्टरच्या पोरीला कुठून ठाऊक असणार. आईला ठाऊक होतं, पण भीतीपोटी तिला ते आठवलं नव्हतं. ती हमसून हमसून रडली आणि आबा तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले.

आबांनी त्या भिंतीशीच अंथरूण टाकलं. दुपारी मी त्यांच्या शेजारी पडायचे. कवडसा फांदीवर आला की ते विहिरीचं, मोटेचं, राघूंच्या थव्यांचं सांगायचे, आणि ऐकता ऐकता माझा डोळा लागायचा. पाऊस झाल्यावर ते राहात्याला परत गेले आणि विहिरीवर कोय लावल्याचं त्यांनी पत्रातून कळवलं.

पुढच्या दिवाळीला चुन्याच्या बादल्या घेऊन सरकारी माणसं आली. आतल्या खोलीच्या दारात वडील उभे होते. त्यांच्या कपाळावर नेहमीसारखा घाम होता.

"ह्या भिंतीला," वडील म्हणाले, "कुणी हात लावू नका."