गुरुदत्तअण्णांची बिघाड-वही

बनशंकरीत आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या गुरुदत्तअण्णांनी एका कारखान्यात पस्तीस वर्षं यंत्रं सांभाळली. त्यांचं घराणं मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूचं, मी तीन वर्षांपूर्वी पुण्याहून आलेली. माझं मराठी ऐकून त्यांना हसू येतं, त्यांचं ऐकून मला. एका बाबतीत मात्र अण्णा हसत नाहीत. बिघाडाचं कारण सापडल्याशिवाय भाग बदलायचा नाही, आणि सापडलं की वहीत लिहायचं. 'कारण अज्ञात' असं त्या वहीत एकदाही आलेलं नाही, हे त्यांनी मला निदान वीस वेळा ऐकवलंय.

ऑक्टोबरच्या शेवटी त्यांचा डेस्कटॉप रखडायला लागला. तो त्यांनी स्वतः जोडलेला. त्यावर ते घरातले जुने फोटो स्कॅन करून साठवतात. कॉपी करायला लावलं की त्यातली एसएसडी, म्हणजे सगळं साठवणारी डिस्क, पहिली पाच मिनिटं सुसाट आणि मग एकदम बैलगाडी. व्हाइटफील्डला राहणारा त्यांचा मुलगा विश्वेश्वर फोनवर म्हणाला, "अप्पा, रविवारी नवा लॅपटॉप आणतो. ते धूड भंगारात देऊ."

अण्णा "सरी", म्हणजे बरं, म्हणाले आणि फोन ठेवून माझ्याकडे वळले. "हे गेलं तर मी नुसता बसून राहणारा म्हातारा होतो, मुग्धा. रविवारच्या आत सापडलं पाहिजे."

पद्धत कारखान्यातली. दिवसाला एकच बदल, त्याची एकच ओळ. सोमवारी डिस्कवरची जागा पाहिली, अर्धी मोकळी होती. मंगळवारी डिस्क काढून पुन्हा नीट बसवली. बुधवारी तिचं सॉफ्टवेअर नवं केलं. फरक शून्य.

"अण्णा, सगळं एकदमच करून टाका ना!" मी वैतागले.

"मग कशानं बरं झालं, ते कसं कळायचं? स्वल्प थांब की."

गुरुवारी त्यांनी कॅबिनेटचं बाजूचं झाकण उघडं ठेवलं, आणि कॉपी शेवटपर्यंत धडाक्यात झाली. झाकण लावलं, दहा मिनिटांत पुन्हा रखडली. म्हणजे आत गरम होत होतं. फार तापली की एसएसडी जळू नये म्हणून आपणच वेग कमी करते. पण कॅबिनेटच्या माथ्यावरचा पंखा तर फिरत होता. मग गरम हवा बाहेर का जात नव्हती?

आम्ही दोघांनी एकदमच कॅबिनेटच्या माथ्याकडे पाहिलं. पंख्याच्या जाळीवर हिरव्या खणाची घडी होती, तिच्यावर कुंकवाचा डाग.

खण आयुधपूजेचा. त्यांच्याकडे नवमीला अवजारं बंद ठेवून पुजतात. कॉम्प्युटरलाही हळद-कुंकू, फुलं आणि वर खण. हे सगळं अण्णांच्या पत्नी, अनुसूयाअक्का करायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच खण उचलायच्या आणि म्हणायच्या, "आता लावा हो." मगच अण्णा बटण दाबायचे. अक्का जूनमध्ये गेल्या. यंदा पूजा अण्णांनी एकट्यानं, आठवून आठवून केली. कामाच्या बाईंनी सुकलेली फुलं काढली, पण पूजेचा खण म्हणून त्याला हात लावला नाही. आणि खण उचलणं हे आता आपलं काम आहे, हे अण्णांच्या मनातही आलं नाही.

मला फार वाईट वाटत होतं.

अण्णांनी मशीन बंद केलं. खण झटकून अक्कांच्या कपाटात ठेवला. वही उघडली. मग लिहिलं, 'कारण: खण काढायचा राहिला. ते काम अनुसूयाचं.'

"विश्वेश्वरला कळवतो, लॅपटॉप नको म्हणून," ते म्हणाले. बटणाकडे हात नेला, पण दाबलं नाही.

"मुग्धा, तू म्हण की."

"काय म्हणू?"

"'आता लावा' म्हण."

मी म्हटलं. त्यांनी बटण दाबलं.