स्पीडबोटीत पुष्पाबाई

‘जोडीनं या’ असं सांगून बियाणे कंपनीने आम्हाला देऊळगाव राजाहून मुंबईला नेलं, आणि समुद्राच्या धक्क्यावर पोचल्यावर साहेब म्हणाले, बायकांनी इथंच थांबायचं. त्याचा राग मला अजून येतो. पण माझ्या रागाचं सोडा, पुष्पाबाईंचं ऐका. पुष्पाबाई माझ्या थोरल्या जाऊबाई.

आमच्याकडे शेडनेटमध्ये, म्हणजे हिरव्या जाळीच्या मांडवात, मिरचीचं बी करतात. संध्याकाळी कळी उघडायची, चिमट्याने तिच्यातला नर काढायचा आणि सकाळी दुसऱ्या झाडाचे पराग तिथे लावायचे. जरा नख लागलं की कळी वाया. हे सगळं बायका करतात आणि पुष्पाबाईंसारखं कुणीच करत नाही. पुढे मिरची फोडून बी काढताना हातांची अशी आग होते, की भाकरी थापणं नकोसं होतं. कंपनीशी करार मात्र नवऱ्याच्या नावाने! बी पास झालं की पाठ थोपटायची नवऱ्याची.

पुष्पाबाईंनी सगळ्या संसारात हट्टाने एकच गोष्ट मागितली होती. यंदाचा करार माझ्या नावाने करा. उत्तमराव, म्हणजे त्यांचे यजमान आणि माझे भासरे, हसण्यावारी न्यायचे. “काऊन? घर का दोन आहेत?” यावर कुणी काही बोललंच तर त्यांचा आवाज चढायचा. तो चढला की आमच्या घरात भांडीसुद्धा हळू ठेवतात. मी धाकट्याची बायको. त्यांच्यासमोर चहा ठेवायचा आणि आत जायचं, एवढंच आमचं बोलणं.

मुंबईत पहिल्या दिवशी सत्कार झाला. उत्तमरावांना फेटा, शाल, चकचकीत पाटी. कंपनीचे अविनाश सर माइकवर म्हणाले, “उत्तमरावांच्या हाताला गुण आहे.” टाळ्या! पुष्पाबाईंनी आपले हात पदराखाली घेतले. मी शेजारीच होते. ताटातला गुलाबजाम उचलून स्टेजवर भिरकवावा असं झालं होतं मला. नवीन करारांवर सह्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, परतीच्या गाडीआधी होणार होत्या.

त्या दुसऱ्या दिवशी दुपारी ही स्पीडबोट. “उडते ती अक्षरशः,” अविनाश सर म्हणाले. “लेडीज घाबरतील. त्यांनी इथं छान फोटो काढावेत.” गडी माणसं फिदीफिदी हसली. मग पाण्यावर हेलकावणारी बोट जवळून बघितल्यावर दुसरबीड गावच्या दोघा शेतकऱ्यांचं पोट एकाएकी दुखायला लागलं. ते मागे सरले, तशा पुष्पाबाई पायऱ्या उतरल्या आणि सरळ बोटीत जाऊन बसल्या.

“अवं, कुठं चालली तू?” उत्तमराव गरजले.

“बसून राह्यली. जागा आहे.”

दुसरी जागा मी घेतली. माझे यजमान गोपाल बोटीत बसल्या बसल्या डोळे वटारत होते. वटारू देत.

धक्क्यापासून बोट हळूच निघाली. मग चालवणाऱ्याने काय दाबलं कोण जाणे, बोटीचं तोंड वर उचललं गेलं आणि सगळी मुंबई मागे पळायला लागली. ती दगडी कमान, ते मोठं हॉटेल, ढगाला टेकलेल्या इमारती, सगळं मागे! लाटेवर बोट आपटली की कण्यातून कळ जायची. खारं पाणी तोंडावर सपासप बसत होतं. मला भीती वाटत होती आणि खोटं कशाला बोलू, मजाही येत होती. गोपालने तर डोळेच मिटून घेतले होते.

पुष्पाबाई आधी “आई गं!” म्हणून ओरडल्या आणि खळखळून हसल्या. मग त्यांच्या लक्षात आलं, की या इंजिनापुढे कुणालाच काही ऐकू जात नाही. उत्तमराव पुढच्या बाकावर, आमच्याकडे पाठ करून बसलेले. पुष्पाबाईंनी त्या पाठीकडे बघत तोंड सोडलं. त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता, म्हणून मलाच तेवढं ऐकू आलं.

“फेटा घालून मिरवून राह्यले! कधी एका कळीले तरी हात लावला का? म्हणे हाताले गुण! आग झाली माह्या हाताची, अन् गुण तुमच्या हाताले?”

चालवणाऱ्याने फोटोसाठी इंजिन बंद केलं. आधी सांगितलंसुद्धा नाही त्याने.

“करार माह्या नावानं नसला तं मी शेडनेटमंदी पाय ठेवत नाही! सडू द्या सगळं!”

एवढं वाक्य त्या शांत पाण्यावर लख्ख ऐकू गेलं. सगळ्या माना वळल्या. अविनाश सरांचा मोबाइल शूटिंगसाठी वर धरलेला होता, तो तसाच राहिला.

उत्तमरावांचा चेहरा लालबुंद झाला. “घरी गेल्यावर बोलू,” ते दातओठ खात म्हणाले.

“घरी नाही, इथंच. घरी तुमचा आवाज मोठा असते.”

“वहिनी, आपण संध्याकाळी निवांत बसून...” अविनाश सर मध्ये पडले.

“संध्याकाळी सह्या हायेत, साहेब. म्हणूनच आता बोलून राह्यली.”

“चालू करू का?” चालवणाऱ्याने विचारलं.

“थांब, भाऊ,” पुष्पाबाई म्हणाल्या.

तो थांबला. बोट जागच्या जागी डुलत राहिली. उत्तमरावांनी किनाऱ्याकडे बघितलं. घरी असते तर ताट सरकवून अंगणात निघून गेले असते. इथे चहूकडे पाणी. ते खाली बघून काहीतरी पुटपुटले.

“मोठ्यानं सांगा, दादा,” मी म्हणाले. गोपालचे डोळे खाडकन उघडले.

“करा तिच्या नावानं!” उत्तमराव साहेबांवर खेकसले. “तिच्याच नावानं करा, अन् चला आता!”

पुष्पाबाईंनी मात्र हात वर करून चालवणाऱ्याला थांबवूनच ठेवलं. त्या अविनाश सरांकडे बघत होत्या. “साहेब, ऐकलं ना तुमी?”

“ऐकलं,” सर म्हणाले.

“मंग लिहा. पुष्पाबाई.”