अण्णा, खांब आणि बिनतोंडाचं यंत्र

"ढकलू नका! अहो जावईबापू, ढकलू नका म्हणतो ना!"

माझे सासरे अण्णा ओरडत होते आणि मी ढकलत होतो. त्या क्षणी अण्णांची अब्रू अक्षरशः माझ्या हातात होती. ती बशीएवढी, चकचकीत आणि मधोमध भोक असलेली होती. आणि ती कुठे घालायची, हे मला कळत नव्हतं.

कोलकात्यात सॉल्ट लेकमधल्या आमच्या दिवाणखान्यात दसऱ्याच्या संध्याकाळी मराठी मंडळातली झाडून सगळी कुटुंबं मांडी घालून बसली होती. बाहेर दुर्गापूजेचे ढोल, म्हणजे ढाक, वाजत होते. आत माझा घाम वाजत होता!

आता या अब्रूची गोष्ट सांगतो.

अण्णा तरुणपणी साताऱ्याजवळ पोस्टात कारकून होते, तेव्हा त्या गावात एका मराठी सिनेमाचं चित्रीकरण झालं. नायिकेची पाठवणी चालली आहे, वऱ्हाडी रडताहेत, अशा प्रसंगात मागे उभं राहायला गावातली माणसं हवी होती. अण्णा उभे राहिले. तेवढ्या भांडवलावर, 'मुलगा सिनेमात आहे' असं सांगून त्यांचं लग्न जमलं! लग्नानंतर सासूबाईंनी, म्हणजे माईंनी, मोठ्या हौसेने तो सिनेमा पाहिला. पाठवणी आली. अण्णा कुजबुजले, "तो बघ मी, मागे, डावीकडे."

माई म्हणाल्या, "तो खांब आहे."

झालं! तेव्हापासून त्यांचा संसार या एका वादावर उभा आहे. (टेकायला खांब होताच.) थिएटरात पाहिलं, टीव्हीवर पाहिलं, मोबाईलवर पाहिलं. पण चित्र असं धुकट, की मागे डावीकडे काहीतरी उभं आहे, इतकंच छातीठोकपणे सांगता येतं. आम्ही जावई मंडळी अण्णांच्या समोर 'अण्णा' म्हणायचो आणि माईंच्या समोर 'खांब'.

इकडे आमच्या घरात वेगळंच सुरू होतं. सुनेत्राला, म्हणजे माझ्या पत्नीला, गाड्यांच्या शर्यतीचा खेळ खेळायचा नाद लागला. बँकेतून घरी येताना कोलकात्याच्या रहदारीत जे जे करता येत नाही, ते ते तिला पडद्यावर करायचं असतं. म्हणून दुर्गापूजेआधी आम्ही एस्प्लनेडच्या बाजारात जाऊन गेमिंग कन्सोल आणला. दुकानदाराने विचारलं, "दादा, डिस्कवाला लेंगे या बिना डिस्कवाला?"

हा प्रश्न कोणाला विचारावा? खिदिरपूरच्या गोदीत कस्टम्समध्ये ज्याची हयात गेली, त्याला! मी तिथेच व्याख्यान दिलं. पूर्वी कंटेनरच्या कंटेनर भरून तबकड्या यायच्या, आता औषधाला एक दिसत नाही, सगळे सिनेमे हवेतून येतात, तेव्हा खेळाच्या यंत्राला तबकडीचं तोंड हवंच कशाला? मागच्या रांगेतल्या गिऱ्हाइकांनीही माना डोलावल्या. आम्ही बिनतोंडाचं, सडपातळ यंत्र घेऊन घरी आलो.

आणि त्याच आठवड्यात अण्णांचा फोन.

"जावईबापू, आपला सिनेमा धुऊनपुसून नव्याने काढलाय! एकदम स्वच्छ! तबकडीवर! म्हणे नटाच्या मिशीचा केस न् केस मोजता येतो! हिला घेऊन दसऱ्याला येतोय. तुमच्या त्या नव्या यंत्रावर लागेल ना?"

जावयाने सासऱ्याला 'नाही' म्हणायची आपल्यात पद्धत नाही. मी म्हणालो, "अण्णा, लागेल म्हणजे काय! पळेल!"

फोन ठेवल्यावर सुनेत्रा म्हणाली, "अहो, पण आपल्याला तर तोंडच नाहीये."

"हे बघ," मी म्हणालो, "कारखान्यात दोन-दोन साचे कोण करतं? एकच साचा असतो. आत सगळं असतंच. स्वस्त मालावर नुसतं झाकण मारतात. चोरकप्पा! आयुष्यभर मी दुसरं काय शोधलंय?"

(खरं सांगायचं तर कस्टम्सच्या माणसाला सरळ वस्तू दिसतच नाही. मी घरच्या डब्यांचीसुद्धा बुडं ठोकून बघतो.)

खोकं उघडून शहानिशा करता आली असती. पण माईंचा फोनवरून हुकूम आला, की खंडेनवमीला पूजा झाल्याशिवाय नव्या यंत्राला हात लावायचा नाही. नवमीला दोघं येऊन पोचल्यावर खोकं उघडलं. माईंनी यंत्राला हळदकुंकू वाहिलं, अण्णांनी वाहिलं, सुनेत्राने वाहिलं, मी वाहिलं. चारी बाजूंनी, वरून, खालून! चार जाणती माणसं त्या यंत्राला चहूबाजूंनी नटवत होती आणि त्याला तोंड कुठेच नाही, हे फक्त सुनेत्राला खटकत होतं.

"अहो..."

"आज यंत्राला विश्रांती," मी म्हणालो. "उद्या दाखवतो."

आणि उद्या उजाडलं! मंडळाला आमंत्रणं गेली होती. अण्णांनी परीटघडीचा सदरा घातला होता. माई अगदी पुढे, चष्मा पुसून बसल्या होत्या. मी यंत्र हातात घेतलं. कडेच्या दोन पांढऱ्या पट्ट्यांमध्ये मला एक फट दिसली. बोटाने चाचपली. आत अंधार होता. (चोरकप्प्यात अंधारच असतो!)

"सापडला!" मी म्हणालो आणि तबकडी टेकवली.

"अहो, ती वाऱ्याची फट आहे!" सुनेत्रा.

"ढकलू नका!" अण्णा.

मी ढकलली. तबकडी सुर्रकन आत गेली. मी विजयी मुद्रेने मागे वळलो. पडद्यावर काहीच आलं नाही. यंत्र हलवलं, तर आतून खुळखुळ असा आवाज आला. अण्णांच्या साऱ्या जन्माच्या इज्जतीचा आवाज!

माई शांतपणे म्हणाल्या, "खांब आत गेला वाटतं."

अण्णा तबकडीच्या रिकाम्या डबीत बघत राहिले. त्यांचा तो चेहरा पाहून मात्र मला खरंच कुठे तोंड लपवावं कळेना. (तोंडाची टंचाई त्या दिवशी सगळीकडेच होती.)

इतक्यात खालच्या मजल्यावरचे बोसदा विजयादशमीच्या शुभेच्छा द्यायला संदेश मिठाईचा डबा घेऊन आले. त्यांना सोनं म्हणून आपट्याऐवजी कांचनाची पानं देत मी सारा प्रकार सांगितला. बोसदांनी यंत्राला कान लावला.

"आरे देशपांडेबाबू, ए की कोरेछेन, ये क्या किया! भीतर में तो पूरा सिनेमा घुसा दिया!"

मग शस्त्रक्रिया सुरू झाली. बोसदांनी आणि मी यंत्र उलटं धरलं. सुनेत्राने धिरड्याचं पातळ उलथनं फटीत सरकवलं.

"डावीकडे," अण्णा म्हणाले. "मी डावीकडेच असतो."

"गप्प बसा हो!" माई.

धिरडं न मोडता उलटवणाऱ्या हातांनी तबकडी अलगद बाहेर आली. ओरखडा नाही! फक्त कालच्या पूजेचं सगळं हळदकुंकू तिच्या अंगाला लागलेलं. माईंनी आपल्या जुन्या सुती साडीच्या पदराने ती पुसली आणि अण्णांकडे न बघता त्यांच्या हातात दिली.

"पण लावायची कुठे?" अण्णांनी विचारलं.

"आमार घोरे!" बोसदा छाती ठोकून म्हणाले. त्यांच्या मुलाने बंगळूरला जाताना एक जुना, धिप्पाड कन्सोल मागे ठेवला होता. "खेलता कौन है? मैं तो सिर्फ सिनेमा देखता हूँ. नेट गया तो सिनेमा गया, ये क्या बात हुआ? आमार डिस्क, आमार आलमारी! मुंह वाला मशीन चाहिए, दादा, मुंह वाला!"

दुकानातलं माझं अख्खं व्याख्यान सुनेत्राला तोंडपाठ होतं. ती माझ्याकडे बघून नुसती हसली.

मग तबकडी ताम्हनात ठेवून अण्णा पुढे, मागे सारं मराठी मंडळ, अशी आमची मिरवणूक जिना उतरून बोसदांच्या घरात शिरली. बोसवहिनींनी आधी सगळ्यांना नाडू, म्हणजे नारळाचे लाडू, खायला लावले, मगच टीव्ही लावू दिला. त्यांच्या यंत्राने तबकडी नम्रपणे तोंडात घेतली.

आणि चित्र असं स्वच्छ आलं, की नायिकेच्या पापणीवरचं ग्लिसरीन दिसलं! पाठवणी आली. वऱ्हाडी हमसून हमसून रडताहेत. मागे, डावीकडे, एक खांब. आणि खांबाला खेटून, तरणेताठे, ढळढळीत अण्णा!

"अण्णा!" आम्ही सगळे ओरडलो. बोसदांनी तिथेच चित्र थांबवलं.

अण्णांच्या डाव्या हातात जिलब्यांची पत्रावळ होती. उजव्या हातातली जिलबी अर्धी तोंडात होती. हनुवटीवरून पाक ओघळत होता. आजूबाजूला सगळा मांडव रडत असताना अण्णा नायिकेच्या मैत्रिणीकडे बघून मनापासून हसत होते.

सगळे माईंकडे बघू लागले. अण्णा मात्र पुसटसं लाजत, भरल्या आवाजात म्हणाले, "बघ. मी होतो की नाही?"

एवढा सगळा घोळ निस्तरल्यावर थोडं श्रेय आपल्यालाही मिळावं, असं मला वाटलं. मी पुढे होऊन रुबाबात विचारलं, "काय माई, चित्र इतकं स्वच्छ असायला हवं की नको?"

माईंनी चष्मा काढला, मिटला आणि त्या म्हणाल्या, "खांबच बरा होता."