मास्तरांची भरपगारी रजा

माझ्या भावाला सरकारने घरी बसवलं तेव्हा आधी लोकांनी त्याचं अभिनंदन केलं. शेजारचे शिंपी म्हणाले, "मास्तर, नशीब काढलंत. पगार चालू, आणि अंगावर पाण्याचा थेंब नाही." दादा हसला. मला नाही हसू आलं. मी सरकारी पोहण्याच्या तलावावर तिकीट खिडकीत बसते, आणि लोक काय बोलतात ते खिडकीतल्या बाईला सगळ्यांच्या आधी कळतं.

दादा त्याच तलावावर मुलांना पोहायला शिकवायचा. त्याची शिकवण्याची एकच रीत. मुलाला पाण्यात उताणं करायचं, पाठीखाली तळहात धरायचा आणि शाळेच्या, मांजरांच्या, कसल्याही गप्पा मारायच्या. गप्पांच्या नादात हात कधी काढून घेतला ते मुलाला कळूच द्यायचं नाही. मग दोन्ही हात वर करून दाखवायचे. मूल आधी घाबरायचं आणि मग असं काही फुशारायचं की विचारू नका. मी तशीच शिकले, त्याची मुलगी तशीच शिकली. आता तिच्या मुलीची पाळी होती. सुट्टी लागली की नातीला पाण्यात उतरवायचं, हे त्याने ती रांगत होती तेव्हापासून ठरवलेलं. ती रोज विचारायची, "आजोबा, सुट्टी कधी?"

तेवढ्यात नवा नियम आला. मुलांशी संबंध येणाऱ्या प्रत्येक सरकारी माणसाची चारित्र्य पडताळणी होणार, म्हणजे त्याच्या नावावर काही गुन्हा आहे का ते पोलीस पाहणार. त्यांचं उत्तर येईपर्यंत कामावर यायचं नाही, भरपगारी रजेवर राहायचं. नियम वाईट नव्हता. मी कुरकुरले तर दादानेच मला सुनावलं, "पोरांच्या बाबतीत डोळ्यांत तेल घालूनच बघायला हवं." पण तलावावर शिकवणारे दोघेच, दादा आणि धाकटे मास्तर. दोघांना एकदम घरी बसवलं तर तलावाला कुलूप. म्हणून आमच्या साहेबांनी डोकं चालवलं: आधी ज्येष्ठ जातील, ते परतले की कनिष्ठ. दादाचा नंबर पहिला लागला तो असा, मान म्हणून.

वरून आणखी एक हुकूम होता. कुणाची बदनामी होऊ नये म्हणून रजेचं कारण बाहेर सांगायचं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचं, "मास्तर रजेवर आहेत, कारण सांगता येत नाही." हे वाक्य खिडकीतून मला म्हणायला लावलं. एखाद्या आईसमोर म्हणून बघा एकदा, आणि तिच्या तोंडाकडे बघा.

सुरुवातीला मुलांच्या आया मला विचारायच्या. मग विचारेनाशा झाल्या आणि आपसांत कुजबुजायला लागल्या. एकीने तर माझ्या खिडकीसमोरच मुलीला बाकावर बसवून विचारलं, "मास्तर तुला कुठे हात लावायचे गं?"

"पाठीला," पोरगी म्हणाली.

आईने अशी मान हलवली, जणू हवं ते मिळालं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हुकूम गेला खड्ड्यात, म्हटलं, आणि बाहेर येऊन तिला खरं काय ते सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्ही बहीणच ना त्यांच्या?"

इकडे पोलिसांचं उत्तर येईना. दादा कार्यालयात खेटे घालायचा. तिथला कारकून म्हणायचा, "काका, पगार वेळेवर होतोय ना? मग घाई कसली?" त्याचं काय जात होतं म्हणायला.

शेवटी उत्तर आलं. दादाच्या नावावर काहीही नव्हतं. असणार कुठून? पण त्याच सुमाराला वरच्यांना उमगलं की एवढ्या माणसांना बसून पगार देणं परवडत नाही. नियम बदलला, आता काम चालू ठेवूनच पडताळणी. धाकटे मास्तर एक दिवसही घरी बसले नाहीत. अख्ख्या तलावावरून घरी गेलेला माणूस एकच, माझा भाऊ.

दादा साहेबांना म्हणाला, "साहेब, माझ्याविरुद्ध काही निघालं नाही, एवढं फळ्यावर लिहून टाका."

"मास्तर, रजेचं कारणच गुप्त, तर निकाल कसा जाहीर करणार? तुमच्याच भल्यासाठी आहे हे." साहेब मनापासून म्हणाले. माणूस वाईट नाही, पण त्या दिवशी मला त्यांचं तोंड बघवेना.

दादा कामावर आला तर त्याच्याकडे मूल नाही. सगळी धाकट्या मास्तरांच्या रांगेत. दादा पाण्यातला पालापाचोळा काढायचा. भरपगारी रजा म्हणायची तर ती आता लागली होती.

मग सुट्टी लागली. भाची मुलीला घेऊन आली. तिकीट फाडताना माझा जीव भांड्यात पडला, म्हटलं, लेकीने तरी बापाची लाज राखली. ती दादाजवळ गेली आणि खाली बघत म्हणाली, "बाबा, हिला यंदा धाकट्या सरांकडे घालू का? तुम्हाला उगाच दगदग."

दादाने तिच्याकडे बघितलं. "जावईबापू म्हणाले?"

तिने मुलीच्या टॉवेलची घडी मोडून पुन्हा घातली.

"घाल," दादा म्हणाला. "चांगलं शिकवतो तो." आणि लांब जाऊन पायऱ्यांवर बसला.

नात पाण्यातून हाका मारत होती, "आजोबा, तुम्ही या ना!" तो म्हणाला, "मला सर्दी झालीय बाळा." त्या उन्हात.

भाची माझ्या खिडकीशी आली. डोळे भरलेले. "आत्या, मला खरंच तसं काही वाटत नाही गं."

मी म्हटलं, "मग घे तिला तिथून, आणि दे तुझ्या बापाच्या हातात."

ती खिडकीच्या कठड्याला धरून उभी राहिली. तास संपेपर्यंत तिथून हलली नाही.