वर्ग माझा, टाळ्या तिला

"असं वाटतंय, का बघितलंय?"

चष्मा कपाळावर सरकवायची आणि विचारायची. पालक असोत, केंद्रप्रमुख असोत, सुटका नाही. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. बरी असतात हो अशी माणसं, शेजारच्या वर्गात नसली तर.

ही माझ्या शेजारच्याच वर्गात होती. कुरकुंभजवळची आमची दोन शिक्षकी शाळा. पहिली-दुसरी तिची, तिसरी-चौथी माझी. वयानं लहान, म्हणून मला ताई म्हणायची. तेही गोड म्हणायची, मेली.

एकदा केंद्रप्रमुख म्हणाले, "कंपनीतल्या कामगारांची पोरं घरी हिंदी बोलतात, म्हणून वाचनात मागं." मी मान डोलावली. साहेबांपुढं मान डोलवायला काय जातं? हिनं मात्र विचारलंच, "सर, असं वाटतंय, का बघितलंय?"

आणि बघायला आली कुठं? माझ्या वर्गात!

आपली पोरं चित्रं काढायला बसवायची आणि माझ्या वर्गात मागं येऊन बसायची. फरशीवर खडूनं पोरांच्या जागा आखायची. ज्यानं तोंड उघडलं त्याच्या चौकोनात एक चिंचोका. आठवडाभर हेच. मग म्हणाली, "ताई, जरा बघता?"

पुढच्या चार चौकोनांत चिंचोक्यांचे ढीग. मागचे रिकामे. त्या रिकाम्यांत हिंदी बोलणारी होती, तशी चोख मराठी बोलणारीही होती.

आता तुम्हीच सांगा, साहेब तपासणीला आले की ठरलेली चार हुशार पोरं उभी करायची, ही रीत कुठल्या शाळेत नाही? मला त्या रीतीची सवयच लागली होती. साहेब नसले तरी तीच चार. पण हे हिनं मला दाखवावं? अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"मग काय करायचं म्हणतेस?"

"जोड्या लावू. पुढचं एक, मागचं एक. एकमेकांना वाचून दाखवू देत. नाही जमलं तर सोडून देऊ."

जमलं. तेच तर दुखणं. मागच्या कोपऱ्यातल्या ज्या पोरीचा आवाज मला माहीत नव्हता, ती दिवाळीनंतर धडा वाचायला लागली. तिची आई भुईमुगाच्या शेंगा घेऊन दारात आली. "आमची पोरगी दुकानावरच्या पाट्या बी वाचतीय. त्या चष्म्याच्या बाई कुठं हायती?"

मी समोर उभी होते! शेंगा मीच आत नेऊन दिल्या. तिनं निम्म्या माझ्या ओंजळीत ओतल्या. मी खाल्ल्या, पण गोड लागल्या नाहीत.

दौंडला शिक्षण परिषद झाली, तिथं साहेबांनी जाहीर केलं की केंद्रातल्या सगळ्या शाळांत आता जोडीनं वाचन. "ताईंनी वर्गात बसू दिलं म्हणून झालं," ती म्हणाली. टाळ्या मात्र तिलाच. वर्ग माझा, पोरं माझी, बसलेला घसा माझा. जळले मी. चांगली जळले.

मग तिची बदली झाली, शिरूर तालुक्यात, कवठे येमाईकडं. निरोपाला मी रडले आणि घरी येऊन नवऱ्याला म्हणाले, "सुटले बाई एकदाची!" आता जोड्या बघायला कुणी आलं की मलाच विचारायचे. बरं वाटायचं.

गेल्या महिन्यात शिरूरला दोन्ही तालुक्यांचं प्रशिक्षण होतं. ही जोडीची पद्धत सगळीकडं सक्तीची करायचं चाललं होतं. जिल्ह्याच्या साहेबांनी मोठ्या कौतुकानं तिलाच बोलायला उभं केलं.

ती म्हणाली, "माझ्या नव्या शाळेत हे जमलं नाही. एकाच खोलीत सगळ्या इयत्ता, जोडीत भावंडंच जास्त. मोठं वाचतं, धाकटं नुसतं ऐकतं. तिकडं जमलं म्हणजे इकडंही जमणारच, असं मी धरून चालले. चुकलं माझं. सक्ती करू नका, आधी बघा."

मला आतून उकळ्या फुटल्या, खोटं कशाला सांगू? जिरली एकदाची!

तेवढ्यात मागून एक वयस्कर गुरुजी उठले. "आमच्याकडं बी न्हाई जमलं. पन आपलंच हसं व्हईल म्हनून गप होतो." मग आणखी एक बाई उठल्या. मग आणखी कुणी. साहेबांनी सक्तीचं पत्र बाजूला ठेवलं आणि एकेकाला नीट विचारायला लागले.

ती केव्हाच खाली बसली होती. चेहऱ्यावर ना लाज, ना काही. शेजारणीकडं पाण्याची बाटली मागितली आणि घटाघटा प्यायली.

टाळ्या राहू द्या हो तिला. मला ते 'चुकलं माझं' म्हणून निवांत खाली बसणं हवं होतं.